माणूस उचलण्यास सक्त मनाई

कलावतीच्या नातीला मराठी येत नव्हतं आणि कलावतीला जर्मन येत नव्हतं. यात दोष कुणाचा हे ठरवायला बसलं असतं तर घरात रोज भांडणं झाली असती. म्हणून कलावतीने तो एकदाच कायमचा जावयाच्या माथी मारला आणि ती मोकळी झाली. जावई तिकडचाच, जर्मन. मुलगी वनिता तिकडे नर्स. तिची ड्युटी कधी दिवसा, कधी रात्री, घरी यायची ती झोपायला. पोरगी वाढली बापाजवळ आणि पाळणाघरात. तिचं नाव मात्र रीमा ठेवलं होतं, दोन्ही देशांत चालेल असं.

"नाव दोन्हीकडं चालतं, पोर एकीकडंच चालते," असं कलावती शेजारणींना सांगायची.

दर रविवारी फोनवर रीमा दिसायची. हात हलवायची, पडलेला दात दाखवायची आणि पळून जायची. सहा वर्षांची झाली तरी आजीशी एक अख्खं वाक्य बोलली नव्हती. जन्मली ती फोनवर, रांगली ती फोनवर, पहिलं पाऊल टाकलं तेही फोनवरच, आणि तेवढ्यात रेंज गेली. मांडीवर बसलेली नात कशी लागते हे कलावतीला ठाऊकच नव्हतं, आणि ते तिला फार लागून राहिलं होतं.

अशात वनिताचा फोन आला, की नाताळच्या सुट्टीत रीमाला घेऊन येते, जावयाला रजा नाही. कलावतीने फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "आता मी जर्मन शिकणार. पोरगी माझ्याशी बोलली पायजे आन माझ्या मांडीवर बसली पायजे. वनिताला यातलं एक अक्षर सांगायचं न्हाय."

लहानू, म्हणजे तिचा नवरा, भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोडाऊनात चेकर होता. आता निवृत्त झाला तरी घर गोडाऊनांच्या समोरच, त्यामुळे गॅलरीत बसून तो अजूनही येणारा-जाणारा माल मनातल्या मनात चेक करायचा. बायको जर्मन शिकणार याचं त्याला नवल वाटलं नाही. त्याला वेगळीच काळजी पडली. "भाषा घेशील ती ओरिजिनल घे," तो म्हणाला. "इकडं सगळं डुप्लिकेट मिळतं. माल जर्मनीचाच पायजे."

शेजारच्या कुमारने आधी तिच्या फोनवर जर्मन शिकवणारं ॲप टाकून दिलं. ते इंग्रजीतून जर्मन शिकवत होतं. कलावतीने दोन दिवस त्याच्याकडे रागाने बघितलं आणि म्हणाली, "ठाण्याला जायाला हा मला आधी नाशिकला पाठवतो. काढ हे." तेव्हा कुमारलाही लहानूकाकांचं पटलं. पुस्तकं आणि व्हिडिओ थेट जर्मनीहून मागवायचे, जसे तिकडची पोरं बघतात तसे. रीमा जे बघून बोलायला शिकली, तेच बघून तिची आजी शिकेल. यात चूक काढायला जागाच नव्हती.

कुमारच्या बापाची भातशेती होती. तिच्यावर आता गोडाऊन उभं आहे. कुमार मानकोलीला रिटर्न मालाचा धंदा करतो. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली खोकी न उघडता लॉटमध्ये घ्यायची आणि न उघडताच पुढे विकायची. आत मिक्सर निघतो, एकाच पायाची चप्पल निघते, कधी नुसती वीट निघते. खोकं फोडून बघणारा माणूस या धंद्यात टिकत नाही, असं कुमारचं ठाम मत. त्यामुळे जर्मनीच्या जुन्या मालाच्या साइटवर तो शिरला तो त्याच तयारीने.

पण तिथे घोडं अडलं. लहान मुलांची छान छान पुस्तकं दिसायची, राजकन्येची, अस्वलाची, आणि खाली लिहिलेलं असायचं, भारतात पाठवत नाही. कुमार विचारायचा, समोरून नम्रपणे नकार यायचा. अस्वलवाला तर एवढा नम्र होता की त्याने नकार देऊन वर शुभेच्छाही दिल्या. शेवटी एकच विक्रेता हो म्हणाला. बंद पडलेल्या कुठल्याशा संस्थेचं सामान तो काढत होता. फोनने त्याच्या जाहिरातीचं मराठी करून दिलं, 'शिक्षणाचे साहित्य, पुस्तके व डिस्क, मिश्र, वजनावर.' फोटोत उघडं खोकं होतं, आणि सगळ्यात वरच्या पुस्तकावर पिवळ्याधमक फोर्कलिफ्टचं चित्र होतं. फोर्कलिफ्टला दोन टपोरे डोळे, हसरं तोंड आणि डोक्यावर हेल्मेट.

कुणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. पण ती शहाणी माणसं वळची नव्हेत. इथल्या पोराला बैलाआधी फोर्कलिफ्ट ओळखता येते. दसऱ्याला कुमारच्या गोडाऊनात फोर्कलिफ्टला झेंडूचे हार घालतात, टिळा लावतात, आणि एका ड्रायव्हरने तर आपल्या गाडीला रंगाने डोळेही काढले आहेत. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. तेव्हा डोळेवाली फोर्कलिफ्ट पोराबाळांच्या पुस्तकात असणार नाही तर कुठे असणार?

"ही लहान पोरांचीच हायत," कलावती म्हणाली. "बघ कसा गोड हसतो."

"शिक्षणाचं साहित्य लिहिलंय म्हणजे शाळेचंच, काकू," कुमार म्हणाला.

विक्रेता मात्र दोनदा विचारता झाला. तुम्हाला नक्की हेच हवंय का? कशासाठी? कुमारने लिहून पाठवलं, 'एक आजी हे शिकून नातीशी बोलणार आहे.' यावर दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं, 'फार उत्तम. सुरक्षेची सुरुवात घरापासून होते.' लहानूला ही म्हण फार आवडली. त्याने ती कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली.

पार्सल निघालं, आणि इथून त्याचं नशीब फिरलं. कस्टममधून सुटून ते वळला आलं ते थेट समोरच्या गोडाऊनात, लहानूच्या गॅलरीतून दिसणाऱ्या शटरच्या आत. फोनवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. लहानू पायजमा चढवून घ्यायला गेला. तिथला पोरगेला सुपरवायझर म्हणाला, "काका, पार्सल इथंच आहे. पण इथून तुम्हाला देता येत नाही. तुमचा पिनकोड नाशिकच्या हबला जोडलाय." संध्याकाळी लहानूने गॅलरीतून स्वतःचं पार्सल ट्रकात चढताना बघितलं. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसाच वळसा घालायला निघाल्याचं त्याने प्रथमच पाहिलं. कलावती आतून म्हणाली, "म्हटलं न्हवतं, ठाण्याला जायाला आधी नाशिक."

खोकं परत आलं तेव्हा त्याचा एक कोपरा दबला होता, पण माल शाबूत होता. पुस्तकांत पानोपानी तो पिवळा हसत होता. कलावतीने त्याचं नाव पिवळ्या ठेवलं. डिस्क मात्र हसली नाही. प्लेयरमध्ये घातली तर टीव्हीवर दोन ओळी आल्या. कुमारने वाचून सांगितलं, ही डिस्क या देशात चालणार नाही, हिला युरोपातला प्लेयर लागतो.

"म्हंजे तबकडीला पण विसा लागतो?" कलावतीने विचारलं. वनिताच्या विसाच्या वेळी तिने सगळं भोगलं होतं.

कुमारने शोधाशोध केली आणि एक गंमत कळली. डिस्क बनवणाऱ्यांनी जगाचे तुकडे पाडताना युरोप आणि आखात एकाच तुकड्यात टाकलं होतं. मग काय, आखातातून आणलेला टीव्ही आणि प्लेयर भिवंडीत नाही तर कुठे सापडणार? कलावती तरुणपणी मोमिन सेठच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. ती सरळ सेठच्या बायकोकडे गेली. त्या घरात दम्मामहून आलेला प्लेयर टेबलक्लॉथखाली पडून होता.

"ले जाओ कलावतीबाई," सेठाणी म्हणाली. "कौन सी पिक्चर देखनी है?"

"जर्मन सीखना है," कलावती म्हणाली. सेठाणीने यावर काही विचारलं नाही, फक्त रिमोटसाठी नवे सेल दिले.

आणि कलावतीची शाळा सुरू झाली. टीव्हीवर एक मिशीवाला यायचा, हेल्मेट घालून, मागे मशिनींचा गोंगाट, आणि तो त्या गोंगाटावर ओरडून बोलायचा. दुसरं कुणी वैतागलं असतं. कलावतीला घरी आल्यासारखं वाटलं. लूमच्या खडखडाटात कानाने ऐकूच येत नाही. तिथे बायका समोरचीचे ओठ वाचतात आणि हाताने खुणा करतात. तिने मिशीवाल्याचे ओठ वाचायला घेतले, मिशी आड येत होती तरी. दहा वेळा, वीस वेळा तेच वाक्य. "आख्टुंग." "हेल्म आउफ." "आबश्टांड हाल्टन." अर्थ सांगायला लहानू होताच. त्याला जर्मन कुठलं यायला? पण मिशीवाल्याने हात आडवा केला की लहानू म्हणायचा, "अंतर ठेवा बोलतोय. आमच्याकडं पण हेच शिकवायचे, हिंदीत." त्याचा एकही अर्थ चुकत नव्हता, त्यामुळे संशय यायचा प्रश्नच आला नाही.

एका व्हिडिओत मात्र फोर्कलिफ्टवरून खोकी कोसळून एक पुतळा पार चेचला गेला. कलावतीने पदर तोंडाला लावला. "लहान पोरांना असलं दाखवतात?"

"म्हणून तर तिकडं शिस्त हाय," लहानू म्हणाला. "आपण पोरांना चिऊ-काऊ दाखवतो आन मंग रस्त्यावर बघतोच काय होतं ते."

पिवळ्याचा सगळ्यात लाडका नियम शेवटच्या धड्यात होता. एक कामगार फोर्कलिफ्टच्या माल उचलणाऱ्या लोखंडी दातांवर उभा राहतो आणि वर उचल म्हणून हात वर करतो. तेवढ्यात पिवळ्या डोळे वटारतो आणि म्हणतो, "पेर्झोनेन हेबेन फेरबोटन." माणूस उचलण्यास सक्त मनाई. कलावतीला हे वाक्य एवढं जिभेवर बसलं की ती भाजी निवडताना गुणगुणायची.

हळूहळू घराचंच गोडाऊन झालं. लहानूने आंघोळीला जाताना "आख्टुंग", म्हणजे सावधान, म्हणायचं. कलावतीने कुकर उतरवताना "त्सुर्युक" म्हणायचं आणि लहानूने मागे सरकायचं. एकदा महादू भाजीवाला हातगाडी बेफाम ढकलत आला, तर कलावतीने दोन्ही हात वर करून अशी काही गर्जना केली की तो गाडीसकट मागे गेला आणि पुढचा आठवडाभर तिला कोथिंबीर फुकट देत राहिला. आपल्याला जर्मन येतं याबद्दल कलावतीच्या मनात आता काडीचीही शंका नव्हती.

वनिता आणि रीमा आल्या त्या दुपारी. जिन्यात रीमा आईच्या कोटात तोंड खुपसून उभी होती. फोनमधली पोर अचानक एवढी मोठी आणि एवढी खरी बघून कलावतीने पदर डोळ्यांकडे नेला. पण तिने ठरवलं होतं, रडायचं नाही, बोलायचं. तिने पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि लूमवर मारायची तशी हाक मारली, "हाल्ट! हेल्म आउफ! एर्स्ट शाउएन, डान फारेन!"

रीमाने कोटातून एक डोळा बाहेर काढला.

"आई," वनिता म्हणाली, "हे काय बोलतेस?"

"जर्मन," कलावती म्हणाली.

वनिताने आत येऊन पुस्तकं बघितली, डिस्क बघितली, फ्रिजवरची म्हण बघितली. आधी ती हसली. इतकी हसली की खाली बसली. मग आईचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. "आई, ही लहान मुलांची नाहीत गं. गोडाऊनच्या कामगारांचं सेफ्टी ट्रेनिंग आहे. तू तिला म्हणालीस, थांब, हेल्मेट घाल, आधी बघ, मग गाडी चालव."

लहानू फ्रिजकडे बघत राहिला. इतकी वर्षं माल चेक केला आणि घरचाच माल चेक करायचा राहिला. कलावतीने पुस्तकं गोळा केली आणि खोक्यात भरायला लागली. एवढे दिवस ओठ वाचले, मिशी आड येत होती तरी वाचले, आणि हाती काय आलं? नातीला माया दाखवायला तिच्याजवळ एक शब्द नव्हता. बाळ नाही, राणी नाही, ये नाही, बस नाही. नुसतं हाल्ट आणि हेल्मेट. एवढी फजिती तिची आयुष्यात झाली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली आणि रीमाकडे बघवेना.

खोक्याच्या पट्ट्या बंद करताना मागून आवाज आला, "पीप, पीप, पीप."

रीमा उलटी चालत येत होती. दोन्ही हात पुढे ताठ, फोर्कलिफ्टच्या दातांसारखे. डोक्यावर मोरीतलं प्लॅस्टिकचं टमरेल, हेल्मेट म्हणून. ती कलावतीच्या समोर वळली, थांबली आणि वाट बघत राहिली. आधी बघ, मग चालव असं आजीनेच सांगितलं होतं ना? गाडी तयार होती. पुढची खूण आजीने करायची होती.

कलावतीने वनिताकडे बघितलं. वनिताने खांदे उडवले. मग कलावतीने सावकाश उजवा हात वर केला, मिशीवाला करायचा तसा, आणि बोटं हलवली. पुढे ये. रीमा पुढे आली. तिने हातांवर उशी घेतली, पलंगापर्यंत नेली आणि व्यवस्थित खाली ठेवली. "गाबेल रुंटर," कलावती म्हणाली. दात खाली. रीमाने हात खाली केले आणि खदखदून हसली.

त्या दिवसापासून घरातली एक वस्तू जागेवर राहिली नाही. उशा मोरीजवळ गेल्या, ताटं गॅलरीत गेली, लहानूच्या चपला फ्रिजवर. कलावती खुणा करायची, ओरडायची, रीमा वाहून न्यायची आणि मध्येच भराभर काहीतरी लांबलचक सांगायची. ते काही डिस्कवर नव्हतं. कलावती तिचे ओठ बघत राहायची आणि मान हलवायची. लहानू चेकर म्हणून उभा असायचा. "हे उचल," तो म्हणायचा, "आता ते उचल. उचल, उचल, उचल." वनिता झोप काढत होती. कित्येक वर्षांची झोप होती ती.

पोरगी बोलत होती. अर्धं काम झालं होतं. पण उरलेल्या अर्ध्याने कलावतीची पंचाईत केली. खेळ ऐन रंगात असताना तिने एकदा वाकून रीमाला मांडीवर घ्यायला हात घातला. रीमा झटकन मागे सरली, टमरेल सारखं केलं आणि पिवळ्यासारखे डोळे वटारून म्हणाली, "पेर्झोनेन हेबेन फेरबोटन."

दोघींनी मिळून डिस्क पुन्हा बघितली होती, त्याचा हा परिणाम. नियम आजीच्या घरचा होता आणि रीमा तो पाळणारी पोर होती. कलावतीने दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, लाडू दाखवून. लाडू गेला, पोर आली नाही. झोपताना केला, तर पेंगुळल्या आवाजात तेच, फेरबोटन. वनिता म्हणाली, मी सांगते तिला समजावून. कलावतीने हात आडवा केला. "नको. मीच शिकवलंय, मीच भोगते. सांगून बसवलेली मांडीवर मला न्हाय पायजे."

सुट्टी संपली. निघायच्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी आली. समोरच्या गोडाऊनाचं शटर उघडं होतं आणि आतून मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचं पीप पीप ऐकू येत होतं. कुमार बॅगा डिकीत भरत होता. लहानू सवयीने प्रत्येक बॅगेला हात लावून मोजत होता आणि डोळे पुसत होता. रीमा टॅक्सीच्या दाराशी उभी होती, डोक्यावर टमरेल. ते ती घेऊन जाणार होती.

निरोपाचा शब्द डिस्कवर नव्हता. कलावतीने रात्रभर आठवून बघितलं होतं. शेवटच्या धड्याच्या शेवटी शिफ्ट संपते तेव्हा मिशीवाला जे बोलतो, तेवढंच तिच्याजवळ होतं. ती नातीपासून हातभर लांब उभी राहिली, आबश्टांड ठेवून, आणि जमेल तेवढ्या ठाम आवाजात म्हणाली, "मोटोर आउस. गाबेल रुंटर."

मोटर बंद. दात खाली.

रीमाने दोन्ही हात खाली केले. आजीकडे बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून. तिने टमरेल काढून लहानूच्या हातात दिलं. दोन्ही हात वर केले, पार डोक्याच्या वर, डिस्कमधल्या त्या कामगारासारखे.

कलावतीला कळेना. तिने नियमाची आठवण करून देण्यासाठी बोट वर केलं. तोंडही उघडलं.

"आजी," रीमा मराठीत म्हणाली. "उचल."